घर न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कची: घरून काम करणाऱ्यांनी दोन राज्यांचा आयकर कसा भरायचा

"ताई, माझा डब्ल्यू-२ चुकलाय बहुतेक. न्यूयॉर्कसमोर दीड लाख लिहिलेत आणि खालच्या ओळीत न्यू जर्सीसमोर परत एक लाख चोपन्न हजार. तीन लाख मी कमावलेच कधी?"

फेब्रुवारी उजाडला की एडिसन, जर्सी सिटी, पर्सिपनी इकडून असा एक तरी फोन मला येतोच. डब्ल्यू-२ म्हणजे कंपनीने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. तो बहुतेक वेळा बरोबर असतो. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे कंपनीला त्याच्या चौकट १६ मध्ये, म्हणजे राज्याच्या पगाराच्या रकान्यात, फेडरल (केंद्राच्या) कराला धरलेला तुमचा पगार जसाच्या तसा लिहावा लागतो, मग तुम्ही मॅनहॅटनमध्ये वर्षातले दहा दिवस गेला असा की दोनशे. तुम्ही न्यू जर्सीचे रहिवासी, म्हणून ती तुमचा सगळा पगार धरते. शिवाय आरोग्यविम्याचा जो हप्ता करापूर्वी पगारातून कापला जातो, त्याची सूट न्यू जर्सी देत नाही. म्हणून तिचा आकडा चार हजारांनी मोठा. पगार एकच आहे, दोन राज्यांनी तो आपापल्या फूटपट्टीने मोजलाय.

मी कर सल्लागार नाही. पण गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम करते आहे, आणि पहिल्याच वर्षी चांगला फटका खाल्लाय. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करत होते. तेव्हा पेरोलला (कंपनीच्या पगार विभागाला) सांगितलं, माझा कर आता न्यू जर्सीतच कापा. त्यांनी एक अक्षर न विचारता तसं केलं. पुढच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कची मोठी रक्कम एकदम भरावी लागली, वर दंड-व्याज. न्यू जर्सीत जास्तीचे कापलेले पैसे परत आले, पण बऱ्याच आठवड्यांनी. पेरोलने काय कापलं आणि तुमचा कर खरोखर किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ठरते ती तुमच्या दिवसांवरून. ते दिवस मोजायचे कसे, हे पुढे सांगते.

पायरी १: तीन पत्ते लिहून काढा

कागदावर तीन ओळी लिहा. मी राहते कुठे? मी प्रत्यक्ष बसून काम करते कुठे? कंपनीने माझं नेमणुकीचं ऑफिस कुठे दाखवलंय? तिसरी ओळ बहुतेक जण विसरतात. ती नेमणूकपत्रात किंवा एचआरच्या पोर्टलवर सापडते. "रिमोट" असं तोंडी सांगितलेलं असतं आणि कागदावर मात्र मॅनहॅटनचा पत्ता असतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

साधा नियम असा. राहतं राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, ते कुठेही कमावलेलं असो. ज्या राज्यात पाय ठेवून काम केलं ते राज्य तेवढ्या दिवसांच्या पगारावर कर लावतं. एकाच पैशावर दोनदा कर पडू नये म्हणून राहतं राज्य दुसरीकडे भरलेल्या कराचं क्रेडिट देतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या करातून वजा करतं. अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या नऊ राज्यांत पगारावर राज्याचा करच नाही.

या हिशेबाने टेक्सासमध्ये राहून कॅलिफोर्नियाच्या कंपनीचं काम पूर्णपणे घरून करणाऱ्याच्या पगारावर कॅलिफोर्नियाचा हक्क पोचत नाही. काम टेक्सासमध्ये झालं, विषय संपला. मॅसॅच्युसेट्सने महामारीत घरी बसलेल्या परराज्यातल्या कर्मचाऱ्यांवर कर चालू ठेवला होता. न्यू हॅम्पशायर त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण जून २०२१ मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. मॅसॅच्युसेट्सचा तो तात्पुरता नियम पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये संपला.

न्यूयॉर्कचं गणित मात्र वेगळं आहे, आणि आपल्या मंडळींचा सगळा गोंधळ तिथेच होतो.

पायरी २: कन्व्हीनियन्स रूल नीट समजून घ्या

न्यूयॉर्क म्हणतं: तुमचं नेमणुकीचं ऑफिस आमच्याकडे असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असाल, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. कंपनीच्या गरजेमुळे बाहेर काम करणं भाग असेल तरच तो दिवस बाहेरचा. आणि "कंपनीची गरज" म्हणजे मॅनेजरने हो म्हटलं एवढं पुरत नाही. ते काम दुसरीकडेच होऊ शकत होतं, असं दिसावं लागतं. शिकागोच्या क्लायंटकडे जाऊन सिस्टीम बसवली, ती गरज. तेच काम एडिसनच्या बेडरूममधून केलं, ती सोय.

हा नियम महामारीत आलेला नाही. एडवर्ड झेलिन्स्की हे कायद्याचे प्राध्यापक कनेक्टिकटमध्ये राहून मॅनहॅटनच्या कॉलेजात शिकवायचे आणि काही दिवस घरी बसून लेखन-संशोधन करायचे. त्या दिवसांवर कर नको म्हणून ते भांडले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. संगणकवाल्यांनी २००५ चा हकबी खटला तर माहीतच करून घ्यायला हवा. हा प्रोग्रामर टेनेसीत राहायचा, काम न्यूयॉर्कच्या संस्थेचं. जवळजवळ पाऊण वेळ घरून काम, पाव वेळ न्यूयॉर्कमध्ये. न्यायालयाने शंभर टक्के पगारावर न्यूयॉर्कचा कर लावणं वैध ठरवलं, चार विरुद्ध तीन मतांनी. टेनेसीत पगारावर करच नसल्यामुळे क्रेडिट घ्यायला दुसरा करही नव्हता. "मी टेक्सासला जातो, नोकरी तीच ठेवतो, राज्याचा कर वाचेल" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा खटला सांगते.

असे नियम पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि नेब्रास्का यांच्याकडेही आहेत. न्यू जर्सीने जुलै २०२३ मध्ये जशास तसा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून लागू धरला: ज्या राज्याचा असा नियम आहे, तिथल्या रहिवाशाने न्यू जर्सीच्या कंपनीचं काम घरून केलं तर न्यू जर्सीही तो दिवस आपला धरणार. तेव्हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहून न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

यातून सुटायची एक वाट आहे, पण अरुंद. तुमचं घर हे कंपनीचं खरंखुरं ऑफिस असल्याचं सिद्ध करायचं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर खात्याने त्याच्या कसोट्या लिहून दिल्या. कामाला लागणारी खास यंत्रणा घरात किंवा घराजवळच असेल तर प्रश्न सुटला, पण लॅपटॉप आणि दोन मॉनिटर म्हणजे खास यंत्रणा नव्हे. ते नसेल तर सहा दुय्यम कसोट्यांपैकी चार आणि इतर दहांपैकी तीन पूर्ण व्हाव्या लागतात. घरून काम करणं ही नोकरीची लेखी अट आहे का, कंपनीने ऑफिसात तुम्हाला जागा दिलेली नाही ना, क्लायंट नियमितपणे तुमच्या घरी भेटायला येतात का, घरातल्या ऑफिसचा खर्च कंपनी देते का, कंपनीच्या पत्रावर तुमच्या घरचा पत्ता छापलाय का, असे प्रश्न. सर्वसाधारण नोकरदाराचं यात बसत नाही. बसत असेल तर आधी कागद जमवा आणि मगच दावा करा. मी स्वतः प्रयत्न केला नाही, कारण दुय्यम कसोट्यांपैकी माझ्याकडे प्रामाणिकपणे दोनच होत्या.

पायरी ३: शेजारी राज्यांचा करार आहे का, ते पाहा

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात करार आहे: पगारावर कर फक्त राहत्या राज्याने घ्यायचा. न्यू जर्सीतल्या चेरी हिलला राहून पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या कंपनीत असाल तर कंपनीला आरईव्ही-४१९ हा फॉर्म द्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा कर कापणं बंद होईल. उलट दिशेने न्यू जर्सीचा एनजे-१६५. मात्र फिलाडेल्फिया शहराचा स्वतःचा वेज टॅक्स (पगारावरचा शहराचा कर) या करारात नाही. बाहेर राहणाऱ्यांना तो साडेतीन टक्क्यांच्या जरा खाली बसतो. कंपनीनेच घरून काम करायला लावलं असेल तर त्या दिवसांचा परतावा मागता येतो, त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं. हौसेने घरी बसलात तर नाही.

मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यात, तसेच इलिनॉय आणि विस्कॉन्सिन यांच्यात असे करार आहेत. न्यूयॉर्कचा न्यू जर्सीशी असा करार नाही.

पायरी ४: दिवसांची वही

सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. जानेवारीपासून रोज एक ओळ: तारीख आणि त्या दिवशी कुठे बसून काम केलं. मी साध्या एक्सेलच्या पानावर ऑ, घ, प्र, सु, आ अशी अक्षरं टाकते: ऑफिस, घर, प्रवास, सुट्टी, आजारपण. संध्याकाळी लॅपटॉप मिटायच्या आधी. डिसेंबरात बसून आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकत नाही आणि आपल्यालाही ती खरी वाटत नाही.

आता हे दिवस फॉर्मवर कसे उतरतात ते बघा. न्यूयॉर्कच्या आयटी-२०३-बी या फॉर्मच्या पहिल्या भागात वरून खाली वजाबाकी करत जायचं असतं. वर सांगितलेल्या त्या फोनवाल्याचंच उदाहरण घेऊ.

वर्षाचे दिवस ३६५. त्यातून शनिवार-रविवार १०४, सणांच्या सुट्ट्या ९, रजा १०, आजारपण २, असे १२५ गेले. कामाचे दिवस उरले २४०. त्यातले ९६ दिवस तो मॅनहॅटनला गेला, १३० दिवस एडिसनच्या घरून काम केलं आणि १४ दिवस शिकागोला क्लायंटकडे होता. न्यूयॉर्कबाहेरचे दिवस म्हणून फॉर्मवर १४४ लिहायचे. पण लगेच खालची ओळ विचारते, यात घरून काम केलेले किती? १३०. ते वजा होतात. बाहेरचे म्हणून मान्य झाले फक्त १४. न्यूयॉर्कचे दिवस २२६.

दीड लाख भागिले २४० म्हणजे दिवसाला ६२५ डॉलर. गुणिले २२६ केले की न्यूयॉर्कचं उत्पन्न १,४१,२५० डॉलर. हा नियम नसता तर ९६ दिवसांचे फक्त ६०,००० डॉलर आले असते.

ते १४ दिवस क्षुल्लक वाटतात, पण त्या पावणेनऊ हजारांवर न्यूयॉर्कचा हक्क नाही. इलिनॉयमध्ये बाहेरच्या कर्मचाऱ्याला वर्षात तीस कामाच्या दिवसांपर्यंत मुभा आहे, म्हणून तिथेही काही भरायचं नाही. सगळी राज्यं इतकी उदार नाहीत. काही पहिल्याच दिवसापासून कर मागतात, म्हणून प्रवासाचा दिवस लिहिताना राज्याचं नावही लिहा.

रजेवर असताना एखाद्या ईमेलला उत्तर दिलं तर तो कामाचा दिवस होत नाही. घरी बसून नेहमीचं काम केलं तरच तो दिवस मोजायचा.

पायरी ५: पेरोलला लेखी कळवा

न्यूयॉर्कचा आयटी-२१०४.१ हा फॉर्म परराज्यातल्या रहिवाशाने कंपनीला द्यायचा असतो. त्यात पगाराचा किती टक्के भाग न्यूयॉर्कचा, याचा अंदाज लिहायचा. ही टक्केवारी कन्व्हीनियन्स रूल धरूनच लिहा. मी केली ती चूक करू नका. घर बदललं, राज्य बदललं, ऑफिस बदललं, की त्याच आठवड्यात एचआरला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. तुम्ही नव्या राज्यातून काम सुरू केलंत की कंपनीला तिथे नोंदणी करावी लागते, बेरोजगारी विम्याचे पैसे भरावे लागतात. न सांगता गेलात तर कंपनीही अडकते.

न्यू जर्सीचा कर ४०० डॉलरपेक्षा जास्त भरायचा राहणार असेल तर दर तिमाहीला अंदाजे कर भरायचा असतो. न्यूयॉर्कची हीच मर्यादा ३०० डॉलर आहे. तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी.

पायरी ६: रिटर्न भरायचा क्रम

आधी फेडरल. मग न्यूयॉर्कचा आयटी-२०३, म्हणजे तिथे न राहणाऱ्यांचं रिटर्न. सगळ्यात शेवटी न्यू जर्सीचा एनजे-१०४०, तिथल्या रहिवाशांचं रिटर्न. हा क्रम उलटा केला की सॉफ्टवेअर क्रेडिटच्या जागी शून्य धरतं आणि न्यू जर्सीचा हजारोंचा कर पडद्यावर बघून पोटात गोळा येतो.

न्यूयॉर्क आधी तुमच्या संपूर्ण उत्पन्नावर, जोडीने रिटर्न भरत असाल तर नवरा-बायको दोघांच्या उत्पन्नावर, तुम्ही तिथलेच रहिवासी असल्यासारखा कर काढतं. मग त्यातला न्यूयॉर्कचा वाटा घेतं. त्यामुळे बायकोची नोकरी पूर्णपणे न्यू जर्सीत असली तरी तिच्या पगारामुळे नवऱ्याच्या न्यूयॉर्कच्या कराचा दर वर जातो. न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर मात्र बाहेर राहणाऱ्यांना नाही. पूर्वी ये-जा करणाऱ्यांवर होता, तो १९९९ मध्ये गेला.

न्यू जर्सीचं क्रेडिट एनजे-सीओजे या पुरवणीत निघतं. तिथे न्यूयॉर्कला *कापलेला* कर लिहायचा नाही, आयटी-२०३ वर *ठरलेला* कर लिहायचा. माझ्याकडे आलेल्या रिटर्नमध्ये ही चूक सगळ्यात जास्त दिसते. डब्ल्यू-२ च्या चौकट १७ मधला कापलेल्या कराचा आकडा उचलून टाकलेला असतो. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या रिटर्नची प्रत मागते, दोन आकडे जुळत नाहीत आणि पत्र येतं.

क्रेडिटला मर्यादा आहे. दोन्ही राज्यांनी कर लावलेल्या उत्पन्नावर न्यू जर्सीचा जेवढा कर होतो, तेवढंच. आपल्या उदाहरणात १,४१,२५० वरचा न्यू जर्सीचा कर क्रेडिटमध्ये जातो आणि १,५४,००० मधल्या उरलेल्या १२,७५० वर न्यू जर्सी कर घेते. मध्यम पगाराला न्यूयॉर्कचा कर न्यू जर्सीपेक्षा जास्त बसतो आणि तो वरचा फरक कोणी परत देत नाही. घरून केलेल्या दिवसांच्या न्यूयॉर्कच्या करालाही न्यू जर्सी क्रेडिट देते, हे आपलं नशीब. काही राज्यं म्हणतात, काम आमच्या हद्दीत झालं, न्यूयॉर्कने लावला असेल कर, आम्हाला मान्य नाही. अशा राज्यात स्थलांतर करण्याआधी तिथला क्रेडिटचा नियम वाचा, कारण तिथे त्याच पगारावर खरोखर दोनदा कर पडू शकतो.

पुण्याला जाऊन काम केलं तर

दोन आठवड्यांची रजा आणि पुढे तीन आठवडे आईकडे बसून काम, हे आता घरोघरी चालतं. संध्याकाळी साडेसहाला पुण्यात मीटिंग सुरू, तेव्हा मॅनहॅटनमध्ये सकाळ. न्यूयॉर्कच्या लेखी हे कोथरूडमधले कामाचे दिवसही तुमच्याच सोयीचे, म्हणून न्यूयॉर्कचेच. फेडरल कर तर चालूच राहतो. भारताचंही म्हणणं असतं की काम इथे बसून झालं. भारत-अमेरिका करारातलं कलम १६ इथे उपयोगी पडतं: त्या करवर्षात तुम्ही भारतात १८३ दिवसांपेक्षा जास्त नाही, पगार देणारी कंपनी भारतातली नाही आणि पगाराचा भार तिच्या भारतातल्या शाखेवर पडत नाही, तर त्या पगारावर भारतात कर नाही. तिन्ही अटी एकत्र लागतात. कंपनीची पुण्यात शाखा असेल तर तिसरी अट आधी विचारून घ्या. भारतातलं करवर्ष एप्रिल ते मार्च, हे दिवस मोजताना ध्यानात ठेवा.

एच-१बी असेल तर कराच्या आधी हे

व्हिसावर असाल तर घर बदलण्याचा प्रश्न आधी वकिलाचा आहे. २०१५ च्या सिमेओ निकालानंतर कामाची जागा वेगळ्या महानगर क्षेत्रात गेली तर कंपनीला सुधारित एच-१बी अर्ज करावा लागतो, आणि घर हीसुद्धा कामाची जागाच. शार्लटला स्वस्त घर मिळालं म्हणून गुपचूप गेलेल्याचं डब्ल्यू-२ न्यू जर्सी सांगतं आणि ड्रायव्हिंग लायसन्स नॉर्थ कॅरोलिना. ग्रीन कार्डच्या वेळी हे कागद शेजारी ठेवून बघितले जातात. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, तो वेगळा.

वर्षाच्या मध्ये राज्य बदललं, किंवा शेअर मिळाले

ज्या वर्षी हललात त्या वर्षी दोन्ही राज्यांत, तिथे राहिलात तेवढ्या काळापुरतं रिटर्न. हलल्याचा पुरावा ठेवा: भाडेकरार, मूव्हर्सची पावती, मुलांच्या शाळेतला दाखला, मतदार असाल तर मतदार नोंदणी. न्यूयॉर्कमध्ये वर्षभर राहण्याजोगी जागा तुमच्या ताब्यात ठेवलीत आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे काढलेत, तर ते राज्य तुम्हाला रहिवासीच धरतं. इथे दिवसाचा काही भागही पूर्ण दिवस मोजला जातो.

कॅलिफोर्नियातून टेक्सासला गेलेल्यांनी आरएसयूकडे, म्हणजे कंपनीने आधी देऊ केलेल्या आणि पुढे हातात पडणाऱ्या शेअर्सकडे, बघावं. शेअर दिले त्या दिवसापासून ते हातात पडले त्या दिवसापर्यंतच्या कामाच्या दिवसांतले जितके कॅलिफोर्नियात गेले, तितक्या भागावर कॅलिफोर्निया कर घेते. तुम्ही तेव्हा ऑस्टिनला राहत असलात तरी. जुनी वही इथेही लागते.

पत्र आलं तर

न्यूयॉर्कचं पत्र बहुतेकदा एकच विचारतं: बाहेरचे म्हणून लिहिलेले दिवस दाखवा. त्यावर दिलेली मुदत चुकवू नका. वहीचं पान, शिकागोच्या विमानाची तिकिटं, हॉटेलची बिलं, क्लायंटच्या मीटिंगची आमंत्रणं आणि मॅनेजरचं एका परिच्छेदाचं पत्र: "अमुक तारखांना कंपनीच्या कामासाठी या कर्मचाऱ्याला शिकागोला पाठवलं होतं." घरून काम केलेल्या दिवसांबद्दल काही लिहू नका, ते तुम्ही मागितलेलेच नाहीत. माझ्या त्या फोनवाल्याला गेल्या वर्षी असं पत्र आलं होतं. त्याने अकरा कागद जोडून पाठवले, सात आठवड्यांनी प्रकरण बंद झाल्याचं उत्तर आलं आणि चौदाचे चौदा दिवस मान्य झाले.